मोठ्या बाईंच्या सह्यांचा खण

भिंगताईंच्या नवऱ्यानं लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांना एक कार्ड दिलं होतं. ताईंनी ते उघडलं, मजकुराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कार्ड उलटं केलं, म्हणजे डोकं खाली पाय वर, आणि खिडकीपाशी नेऊन त्याच्या सहीकडे बघत बसल्या. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून तो बिचारा दारातच उभा राहिला. मग ताई म्हणाल्या, "सही घाईत केलीस ना? बस पकडायची होती का?" त्याला खरोखरच बस पकडायची होती. तेव्हापासून बायकोशी खोटं बोलायचा नाद आपण सोडला, असं तो चारचौघांत सांगतो. हेही पूर्ण खरं नाही, असं ताई म्हणतात.

सही उलटी धरायची सवय बँकेतली. तरुणपणी ताई एका बँकेत चेकवरच्या सह्या तपासायच्या. सही सरळ धरली की डोळा नाव वाचतो आणि नाव वाचलं की माणूस आंधळा होतो, असं त्यांचं मत. उलटी धरली की नुसती रेघ उरते. कुठे दाबलीय, कुठे सोडलीय, कुठे अडखळलीय, ते दिसतं. हातात सदानकदा भिंग असायचं, म्हणून बरोबरीच्या लोकांनी नाव ठेवलं भिंगताई. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता दारावरच्या पाटीवर लिहिलेलं खरं नाव वाचून कुणी "ह्या कोण?" असं विचारलं, तर चहा आणणारासुद्धा सांगतो, "अहो, आमच्या भिंगताई."

पुढे बँकेत ते काम यंत्रं करू लागली आणि ताई सह्या पारखणाऱ्या एका कचेरीत आल्या. सायकलींच्या दुकानावर दुसरा मजला, अरुंद जिना, उत्तरेकडच्या खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मान वाकवलेला दिवा, आणि भिंतभर खणांचं कपाट. थोरामोठ्यांच्या सह्या जमवणारे लोक जगात पुष्कळ. खेळाडूंच्या, नटांच्या, गवयांच्या सह्या. जिथे जमवणारे तिथे विकणारे, आणि जिथे विकणारे तिथे खोट्या सह्या ठोकणारे. मग घेणाऱ्याचा विकणाऱ्यावर विश्वास नाही, विकणाऱ्याचा घेणाऱ्यावर नाही, आणि दोघांचा मिळून विश्वास कुणावर, तर दोघांनाही न ओळखणाऱ्या तिसऱ्यावर. हा तिसरा म्हणजे ही कचेरी. गंमतच आहे सगळी, पण त्या गमतीवर ह्या लोकांची चूल पेटते.

काम असं चालायचं. सही आली की त्या माणसाचा खण उघडायचा. खणात त्याच्या खऱ्या मानलेल्या सह्या, नमुने म्हणून ठेवलेल्या. आलेली सही त्यांच्या शेजारी ठेवायची, भिंग लावायचं, आणि दाखल्यावर तीनपैकी एक उत्तर लिहायचं: खरी, खोटी, किंवा सांगता येत नाही. हे तिसरं उत्तर कुणालाच आवडत नसे. मालक म्हणायचे, "ताई, लोक इथे शंका घेऊन येतात. आपण त्यांना तीच शंका शिक्का मारून परत देतो." पण ताई बधायच्या नाहीत. जिथे कळत नाही तिथे कळत नाही असं लिहायला छाती लागते, आणि ती ताईंकडे होती. म्हणूनच त्यांच्या 'खरी'ला वजन होतं. संग्राहकांच्या बैठकीत दोन म्हाताऱ्यांची जुंपली की तिसरा म्हणायचा, "भिंगताईंनी बघितलीय का? मग गप्प बसा."

ह्या भिंगताईंच्या हातून एका म्हातारीवर अन्याय झाला. तो त्यांनी कसा निस्तरला ते सांगायचं आहे. अन्याय कुणाच्याही हातून होतो. निस्तरायची वेळ आली की भलेभले मूग गिळून बसतात, म्हणून ह्या बाईचं मला कौतुक.

गोष्ट मोठ्या बाईंच्या सहीची. मोठ्या बाई म्हणजे रंगमंचावर गाणाऱ्या, त्यांच्या काळात लोकांनी डोक्यावर घेतलेल्या. आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूसही सावरून बसायचा. त्या गेल्यालाही आता बराच काळ लोटला. सगळे त्यांना मोठ्या मनाच्या म्हणत, एक गोष्ट सोडून. नाट्यगृहाच्या दारात कुणी सही मागितली तर त्या देत नसत. "पत्र पाठवा, फोटो पाठवीन," एवढंच म्हणून गाडीत बसत. लोक म्हणायचे, चढलंय बाईंना. पण पत्र पाठवलं की सहीचा फोटो यायचा, न चुकता, आणि सहीच्या वर दोन ओळी, त्या त्या माणसाला उद्देशून. सही तर काय देखणी. सरसर गेलेली रेघ आणि शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळून आकड्यासारखी अडकवलेली.

ताईंकडे एक दिवस मोठ्या बाईंचा फोटो आला, एका मध्यमवयीन बाईनं पाठवलेला. आईच्या वाढदिवसाला दाखल्यासकट नव्या चौकटीत बसवून द्यायचा होता. आई जन्मभर नाट्यगृहाच्या कपडेपटात होती, मोठ्या बाईंचे पोशाख तीच शिवायची आणि तीच अंगावर चढवायची. बाईंनी हा फोटो स्वतः सही करून आईच्या हातात दिला होता, असं लेकीनं कळवलं होतं. ताईंनी नेहमीप्रमाणे ती हकिगत आधी वाचलीच नाही. हकिगती वाचल्या की डोळा पक्षपात करतो, हा त्यांचा नियम. फोटो उलटा धरला. रेघ सावकाश, रेंगाळलेली. पेन मध्येच उचललेलं, पुन्हा टेकवलेलं. कापरेपणा. दाब इतका की कागदाला चर पडलेला. दुसऱ्याची सही काढणारा माणूस पळत नाही, तो जपून चालतो. सह्या पारखणाऱ्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: सावकाश रेघ दिसली की सावध हो. खणातल्या नमुन्यांशी तर काडीचंही साम्य नव्हतं. ताईंनी लिहिलं, खोटी. खाली आपली आद्याक्षरं घातली आणि पुढचं पाकीट उघडलं.

ह्या एका शब्दानं त्या घरात काय झालं, ते ताईंना महिन्याभरानं कळलं. फोटो पाठवणारीची आई, म्हणजे ह्या आजी, स्वतःच जिना चढून आल्या. ठेंगण्या, ताठ, केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. धापा टाकत खुर्चीत बसल्या, पिशवीतून फोटो काढला आणि म्हणाल्या, "भांडायला नाही आले. एवढंच विचारायचंय, तुम्हाला ह्यात काय दिसलं?"

"लेक काय म्हणाली?" ताईंनी विचारलं.

"लेक काही म्हणाली नाही, तेच तर. तिनं फोटो परत भिंतीवर लावलाच नाही, कपाटात ठेवला. लहानपणापासून तिला सांगत आलेय, ही बाईंनी माझ्यासमोर केलेली सही. आता ती माझ्याकडे बघते आणि विषय बदलते. संग्राहकांच्या प्रदर्शनात घेऊन गेले, तर एक डॉक्टर सगळ्यांदेखत हसले. म्हणाले, आजी, तुम्हाला कुणीतरी गंडवलं, नाहीतर तुम्ही आम्हाला गंडवताय." आजींनी चष्मा पुसला. "म्हातारपणी खोटारडी ठरले मी. जीव गेला तरी चालेल, पण हे नको वाटतं."

ताईंना वाईट वाटलं, पण वाईट वाटून रेघ बदलत नाही. त्यांनी समजावून सांगितलं, भिंगाखाली कापरेपणा दाखवला, मग खण उघडून नमुने समोर मांडले. आता इथे लोक काय करतात ते ताईंना पाठ होतं. लोक वाद घालतात. प्रकाश नीट नाही म्हणतात, शाई वेगळी होती म्हणतात, रडतातही. आजींनी नमुन्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते रागाचं नव्हतं. जुनं ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं तसं काहीतरी होतं ते. "हो," त्या म्हणाल्या, "ह्या वेगळ्या आहेत खऱ्या." फोटो पिशवीत ठेवला आणि उठल्या. चष्म्याचं घर मात्र टेबलावर राहिलं.

ताईंना चैन पडेना. जेवताना नवरा म्हणाला, "आज माझी सही नाही, मग भाजीकडे उलटं का बघतेस?" त्यांनी त्याला सगळं सांगितलं. खोटं बोलणारा माणूस पुरावा दाखवल्यावर वाद घालतो, खरं बोलणारा तर दुप्पट घालतो. ही बाई भांडली का नाही? नवऱ्यानं विचार केला आणि म्हणाला, "चष्म्याचं घर आहे ना तुझ्याकडे? मग जा की द्यायला."

आजींची खोली लहान, पण लख्ख. खिडकीशी शिवणयंत्र, कोपऱ्यात बिनडोक्याचा लाकडी पुतळा, त्याच्या अंगावर अर्धवट टाचलेला झगा, भिंतीवर एक चौकोनी फिका डाग, जिथे फोटो असायचा. आजी कुणाचा तरी कोट आखत होत्या. "बसा, एवढी बाही होऊ दे," म्हणाल्या. ताई बसल्या आणि सवयीनं हाताकडे बघू लागल्या. कपड्यावर खडू टेकवायच्या आधी आजींचं मनगट हवेत एक बारीकसा फेरा घ्यायचं, मग खडू सरसर जायचा, आणि रेघ संपताना मागे वळून आकड्यासारखा अडकायचा. दुसरी रेघ, तोच फेरा, तोच आकडा. हाच आकडा ताईंनी भिंगाखाली इतकी वर्षं बघितला होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे लिहिलं होतं, खरी.

"आजी," त्या हळूच म्हणाल्या, "बाईंच्या पत्रांना उत्तरं तुम्ही लिहायचात?"

आजींनी खडू ठेवला. बराच वेळ त्या बाहीवरचा धागा बोटाला गुंडाळत राहिल्या. "मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी शब्द दिलाय. ज्याला दिला तो माणूस गेला म्हणून शब्द जात नाही."

"मग ह्या फोटोवरची?"

"ती तिनं केली. माझ्यासमोर, रंगपटात, आरशापुढे बसून." आजींनी खिडकीबाहेर बघितलं. "ती लिहीत होती तेव्हा मी तिचा हात धरला नव्हता. एवढंच सांगते."

हात धरतात तो कुणाचा, हे ताईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मोठ्या बाईंना लिहिता येत नव्हतं. दारात सही न देणाऱ्या त्या गर्विष्ठ बाईंना आपलं नाव काढता येत नव्हतं, आणि ही गोष्ट जगात एकट्या कपडेपटवालीला ठाऊक होती. तिनं पत्रांना उत्तरं लिहिली, सह्या केल्या, आणि फावल्या वेळात बाईंना हात धरून अक्षरं शिकवली. ज्या दिवशी बाईंना पहिल्यांदा हात न धरता नाव काढता आलं, त्या दिवशी त्यांनी ते ह्या फोटोवर काढलं आणि शिकवणारीला दिलं. नवखा हात सावकाशच चालणार, अडखळणार, कापणार, कागदाला चर पाडणार. खोट्याची जी लक्षणं ताईंना शिकवली होती, ती सगळी शिकाऊ माणसाचीही लक्षणं असतात. आणि सगळ्यात साधी गोष्ट त्यांना सुचली नव्हती: खोटी सही करणारा माहीत असलेल्या सहीची नक्कल करेल. कशाशीच न जुळणारी सही कोण कशाला बनवेल?

आजींना आपलं खरेपण सिद्ध करायचं तर बाईंची लाज चव्हाट्यावर आणावी लागली असती. म्हणून त्या जिना चढून आल्या, स्वतःच्याच हातच्या सह्या खऱ्या म्हणून समोर मांडलेल्या बघितल्या, आणि गप्प बसून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मोठ्या बाईंचा सबंध खण काढून टेबलावर पालथा केला. एकेका नमुन्याचं मूळ शोधलं. सगळे पोस्टानं आलेले. बाईंना सही करताना कुणी डोळ्यांनी बघितलंय, असा एकही नाही. बँकेत माणूस समोर उभा राहून नमुन्याची सही करायचा, तिथे पाया पक्का होता. इथे पहिला नमुना कुणीतरी विश्वासानं ठेवला, दुसरा पहिल्याशी जुळला म्हणून ठेवला, तिसरा दुसऱ्याशी. सगळे एकमेकांचे साक्षीदार, आणि मूळ घटना कुणीच बघितलेली नाही. ह्यातले कितीतरी नमुने ताईंनी स्वतः निवडून ठेवले होते.

त्या मालकांकडे गेल्या. मालक माणूस वाईट नव्हता, पण धंदा चालवणारा होता. सगळं ऐकेपर्यंत त्यांचा चहा निवून गेला.

"एखादी सही चुकली तर समजू शकतो," ते म्हणाले. "पण अख्खा खण? ताई, आपण दिलेले दाखले लोकांच्या भिंतींवर आहेत. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"ते सांगणार नाही."

"मग पुरावा काय?"

"ह्या सह्या बाईंच्या आहेत ह्याचा पुरावा आपल्याकडे कधीच नव्हता. तो नाही, हाच पुरावा."

मालकांनी डोकं धरलं. "तुम्ही बोलला नाहीत तर कुणालाही कळायचं नाही."

"मला कळलंय की," ताई म्हणाल्या. आयुष्यभर जपलेलं नाव त्या आपल्याच हातानं मातीत घालायला निघाल्या होत्या. "आपण एकच गोष्ट विकतो. आपलं 'हो'. ते आतून पोकळ आहे हे माहीत असताना ते विकलं, तर सह्या ठोकणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय उरला?"

मालक खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खालच्या दुकानात कुणीतरी घंटी वाजवून सायकल पारखत होतं. शेवटी ते म्हणाले, "सांगा. पण तुम्हीच सांगा, आणि डॉक्टरांच्या तोंडावर सांगा. माझ्यात तेवढी हिंमत नाही."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त झालेले, प्रदर्शनात आजींना हसलेले तेच. मोठ्या बाईंच्या सह्यांचा सगळ्यात मोठा संग्रह त्यांचा, आणि त्यातली सही न् सही भिंगताईंनी पास केलेली. ताईंचा एवढा भक्त दुसरा नव्हता. संग्राहकांच्या सभेत ताई उभ्या राहिल्या तेव्हा ते पहिल्या रांगेत कौतुकानं मान डोलवत बसले होते. ताईंनी लपेटून काही सांगितलं नाही. मोठ्या बाईंच्या सहीचे आमचे नमुने सगळे एकाच हातचे आहेत, पण तो हात बाईंचा नाही. त्या नमुन्यांवरून दिलेला प्रत्येक दाखला आम्ही मागे घेत आहोत, खरीचाही आणि खोटीचाही. फी परत मिळेल. चूक माझी.

सभा खवळली. कुणी म्हणालं, ह्यांना वयोमानानं दिसत नाही. मागून एकजण ओरडला, "मग तुमच्या बाकीच्या दाखल्यांवर तरी आम्ही विश्वास का ठेवायचा?"

"हा प्रश्न बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "तो तुम्ही मला पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. नमुना कुठून आला, तो लिहिताना कुणी बघितलं, हे इथून पुढे प्रत्येक दाखल्यावर लिहिलेलं असेल. ते वाचून तुम्हीच ठरवा."

डॉक्टर उठले. चेहरा उतरलेला. "हात कुणाचा, ते तरी सांगा."

"ते सांगायचा हक्क माझा नाही."

डॉक्टर टोपी घेऊन निघून गेले. त्या दिवशी घरी आल्यावर ताई चप्पलही न काढता खुर्चीत बसून राहिल्या, आणि नवऱ्यानं एकही विनोद केला नाही.

सभेनंतर आठवड्याभरानं आजी कचेरीत आल्या. ताईंनी मागे घेतलेल्या 'खोटी'च्या जागी नवा दाखला द्यायला त्यांना बोलावलं होतं. लेक खाली सायकलीच्या दुकानाशी थांबली होती. आजी खुर्चीत टेकतायत तोच दार उघडलं आणि डॉक्टर आत आले, छातीशी एक जुना फोटो धरून. आजींकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "हा एकच आणलाय," ते ताईंना म्हणाले. "बाकीचे जाऊ देत. मी शाळेत असताना आई वारली. आईला बाईंचं गाणं आवडायचं म्हणून मी पत्र टाकलं होतं. हे उत्तर आलं. दवाखान्यात माझ्या खुर्चीसमोर हेच लावलेलं असायचं. एवढंच सांगा, हे लिहिणाऱ्यानं माझं पत्र वाचलं तरी होतं का? की असेच छापल्यासारखे फोटो पाठवायचे?"

त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. सहीच्या वर लिहिलं होतं, 'रडायचं तेवढं रडून घे. मग तिला आवडायचं ते गाणं मोठ्यानं म्हण, बेसूर झालं तरी चालेल.'

ताईंनी आजींकडे बघितलं. बोलायचा अधिकार खुर्चीत बसलेल्या माणसाचा होता. आजींनी चष्मा लावला, फोटोवर वाकल्या.

"तुम्ही का ते," त्या म्हणाल्या. "पत्राच्या कडेला चित्र काढलं होतंत. पंखा. आई आजारी असताना तुम्ही तिला वारा घालायचात म्हणून."

त्या चित्राबद्दल डॉक्टरांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

"पोशाख टाचताना मी पत्रं वाचून दाखवायचे," आजी म्हणाल्या. "बाईंना वेळ नसायचा ना. उभं राहून ऐकायच्या. तुमचं ऐकलं आणि मला म्हणाल्या, टाचण्या काढ, मला बसू दे. बसल्या थोडा वेळ. मग हे शब्द त्यांनी सांगितले, मी लिहिले. पत्रांची उत्तरं सगळी त्यांची. हात तेवढा माझा." त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. "वेळ नसायचा, म्हणून."

डॉक्टर समोरच्या स्टुलावर बसले आणि रुमाल काढून चक्क रडले, लहान मुलासारखे, लाज न धरता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आजी, मी तुम्हाला चारचौघांत हसलो."

"हसलात," आजी म्हणाल्या. त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि मला ते आवडलं.

डॉक्टरांनी आजींनी आणलेला बाईंचा फोटो हातात घेऊन निरखला. "मग ही एकच त्यांच्या हातची? पण ही इतकी वेडीवाकडी कशी?"

"घाईत केली असेल," आजी म्हणाल्या.

ताईंनी मान खाली घातली. त्या रेघेत घाईचा लवलेश नव्हता. त्या खोलीत ते दोघींना माहीत होतं आणि दोघी गप्प राहिल्या. उभ्या हयातीत समोर आलेल्या खोट्यांपैकी एवढं एकच खोटं ताईंनी भिंग न लावता सोडून दिलं.

आईला उशीर झाला म्हणून लेक वर आली. टेबलावरचा नवा दाखला तिनं उचलून वाचला आणि तिचा चेहरा पडला. त्यावर लिहिलं होतं, सांगता येत नाही.

"म्हणजे अजूनही खरी नाहीच," ती म्हणाली.

"तुलना करायला दुसरी सही उरलेली नाही," ताई म्हणाल्या. "त्यामुळे दाखल्यावर हेच येणार, आणि मी ते बदलणार नाही. पण आधी 'खोटी' लिहिलं ती चूक माझी होती. सहीचं मला सांगता येत नाही. तुमची आई खोटं बोललेली नाही, हे सांगता येतं. ते मी कुणालाही सांगेन, कुठेही येऊन सांगेन."

लेक आईकडे बघत राहिली. मग तिनं आईची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली, फोटो मात्र हातातच ठेवला. ताई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. पहिल्या वळणावर भिंतीतल्या झरोक्यातून ऊन येतं, तिथे लेक थांबली आणि फोटो उजेडात धरून त्या वेड्यावाकड्या नावावरून तिनं बोट फिरवलं.

"आई," ती म्हणाली, "प्रत्येक अक्षर खालून वर काढलंय. खालून वर ने, म्हणजे हात घसरत नाही, असं मला तूच शिकवलं होतंस." तिनं आईकडे बघितलं. "बाईंना लिहायला तू शिकवलंस?"

ताई वर कठड्याला धरून ऐकत होत्या.

"पायरी बघून उतर," आजी म्हणाल्या.